हॅम्बलटोनियन : जिंकून दमलेला घोडा

मागच्या भागात चित्रकार जॉर्ज स्टब्जचा 'व्हिसलजॅकेट' पाहिला. मागे मोकळी पार्श्वभूमी, पाठीवर स्वार नाही, दोन पायांवर उभा ठाकलेला तो मस्तवाल घोडा. त्यानंतर साधारण चार दशकांनी, पंचाहत्तरीच्या स्टब्जने आणखी एक प्रचंड घोडा रंगवला. हा कॅनव्हास सुमारे १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे. २५ मार्च १७९९ रोजी इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या माळावर हॅम्बलटोनियन आणि डायमंड या दोनच घोड्यांची शर्यत झाली. पैज ३,००० गिनींची, अंतर चार मैलांहून अधिक. स्वार फ्रँक बकलने हॅम्बलटोनियनला जेमतेम अर्ध्या मानेने पुढे काढले. दोन्ही घोड्यांना चाबकाने आणि टाचांच्या काट्यांनी बेदम पिटाळण्यात आले होते, हॅम्बलटोनियनला तर फारच, असे त्या काळच्या वृत्तांतांत आहे. मालक सर हेन्री व्हेन-टेम्पेस्ट यांनी या विजयाच्या स्मरणार्थ चित्र सांगितले आणि स्टब्जने शर्यत संपल्यानंतरचा क्षण निवडला. माझ्या मते या निवडीमुळेच हे चित्र विजयचित्रांच्या परंपरेत वेगळे ठरते. विजय कोणाच्या अंगावर मिळवला गेला, हे ते दाखवते.

चित्रात कान मागे पडलेले आहेत, तोंड उघडे आहे, कातडीखाली शिरा तटतटल्या आहेत. एका बाजूला उंच हॅट घातलेला माणूस लगाम धरून उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला कापड घेतलेला तरुण मोतद्दार घोड्याच्या पाठीवर हात टाकून आहे. दोघेही थेट आपल्याकडे पाहतात. स्वार नाही, मालक नाही, टोप्या उडवणारी गर्दी नाही. ज्यांनी पैज लावली ते चौकटीबाहेर, आणि ज्यांच्या हाताला घोड्याचा घाम लागतो ते चौकटीत, अशी ही वाटणी आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. शर्यतीनंतर घोड्याचे अंग पुसून त्याला शांत करणे हा तबेल्याचा रोजचा रिवाज होता. त्यात करुणा शोधणे म्हणजे आजचे प्राणिप्रेम दोन शतकांमागे नेणे नव्हे काय? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. पण त्याचे उत्तर स्टब्जच्याच 'गिमक्रॅक'मध्ये सापडते. १७६५च्या सुमाराचे ते चित्र याच माळावरचे आहे आणि त्यातही घोड्याची अशीच निगा चालली आहे. मात्र तिथे मागे उजवीकडे शर्यतही दिसते आणि गिमक्रॅक इतरांच्या बराच पुढे आहे. म्हणजे विजय आणि विश्रांती एकाच चित्रात बसवण्याची युक्ती स्टब्जच्या हाताशी होती. हॅम्बलटोनियनच्या वेळी त्याने ती टाळली. दूरवरच्या इमारती आणि माळ ठेवला, धाव तेवढी पुसून टाकली. हा रिवाज नव्हे, निर्णय आहे.

दुसरा आक्षेप शरीररचनेचा. घोडा एकाच बाजूच्या दोन पायांवर तोललेला दिसतो आणि मोतद्दाराचा हात पोहोचू नये तितका लांब पोहोचतो. याला म्हाताऱ्या चित्रकाराचा थरथरता अंदाज म्हणावे, तर हा तोच माणूस आहे ज्याने लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी महिनोन्‌महिने घोड्यांची शवे फाडून एकेक स्नायू रेखाटला आणि १७६६ मध्ये घोड्याच्या शरीररचनेवर आजही मानला जाणारा ग्रंथ काढला. स्नायू-शिरा अचूक असताना फक्त तोलच चुकला, हे मला पटत नाही. त्या अशक्य उभे राहण्यातून, हात काढला तर घोडा कोसळेल असे वाटते, आणि लांबलेला हात त्याला जणू सावरून धरतो. स्टब्जच्या मनात नेमके हेच होते, याचा लेखी पुरावा नाही; पण कॅनव्हासवरचा पुरावा मला पुरेसा वाटतो.

पुढे मोबदल्यावरून स्टब्ज आणि व्हेन-टेम्पेस्ट यांच्यात वाद झाला, प्रकरण कोर्टात गेले आणि निकाल स्टब्जच्या बाजूने लागला. मालकाला स्वतःचा विजय असा पाहणे सोसले नाही, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण भांडण पैशांचे होते आणि चित्र कुटुंबातच राहिले. व्हेन-टेम्पेस्टच्या मुलीच्या लग्नामुळे ते लंडनडेरी घराण्याकडे गेले. आज ते उत्तर आयर्लंडमधल्या माउंट स्टुअर्ट वाड्यात आहे. पुढच्या भागात चित्रकार जेरिकोचे १८२१चे एप्सम डर्बीचे चित्र पाहू. तिथे वेग आहे, स्वार आहेत, अंधारलेले आभाळ आहे, आणि चारही पाय हवेत ताणून धावणारे असे घोडे आहेत, जसा घोडा कधीच धावत नाही.