कॅन्डिडाचे पथ्य, पूरक गोळ्या आणि आपले पोट



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या घरातला आणि स्टाफरूममधला नक्की आहे.

गेल्या पावसाळ्यात घसा खराब झाला म्हणून मी अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. नंतर जिभेवर पांढरा थर आला, पोट फुगायला लागलं. कुणीतरी मोबाईलवर 'अँटी-कॅन्डिडा डाएट'ची यादी पाठवली. साखर, गूळ, फळं, भात, पोळी, भाकरी, दही, इडली सगळं बंद, बिनसाखरेचा चहा तेवढा चालेल. शिवाय पाच प्रकारच्या पूरक गोळ्या. सहा आठवडे मी ते नेटाने केलं. वजन उतरलं, पण फळ्यासमोर उभं राहिलं की चक्कर यायची आणि तीन-तीन दिवस पोट साफ व्हायचं नाही.

एके दिवशी तिसरीतल्या माझ्या मुलीने डब्यातली इडली तशीच परत आणली. म्हणाली, "आई, यात यीस्ट असतं ना?" तेव्हा मात्र मी हादरले आणि डॉक्टरांकडे गेले. साखर नॉर्मल निघाली, हिमोग्लोबिन ९.२. तोंडात लावायच्या औषधाने जिभेवरचा थर थोड्या दिवसांत गेला. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, समजलं ते इथे देत आहे.

कॅन्डिडा म्हणजे काय?

कॅन्डिडा ही एक प्रकारची बुरशी आहे. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर ती असतेच. आतड्यातले जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिक, अनियंत्रित मधुमेह, दम्याचा स्टिरॉइड पंप घेऊन चूळ न भरणं, कमी झालेली प्रतिकारशक्ती अशा कारणांनी ती वाढते. मग तोंडात पांढरे चट्टे येतात, योनीमार्गात खाज सुटते, बाळाला लंगोटाच्या जागी लाल पुरळ येतं. हे खरे आजार आहेत आणि त्यावर खरी औषधं आहेत. वारंवार होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

हे पथ्य आलं कुठून?

थकवा, डोकेदुखी, उदासपणा या सगळ्यामागे कॅन्डिडाच आहे, ही कल्पना अमेरिकेतले डॉक्टर विल्यम क्रूक यांच्या १९८३ च्या पुस्तकाने लोकप्रिय केली. १९९० मध्ये ४२ स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बुरशीनाशक औषधाने योनीमार्गाचा त्रास कमी झाला, पण थकव्यासारख्या तक्रारींवर ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. इडलीचं म्हणाल, तर ते पीठ मुख्यतः जिवाणूंमुळे फुगतं, आणि पावातलं यीस्ट ही कॅन्डिडापेक्षा वेगळी जात आहे.

मग पोट का बिघडतं?

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. भाकरी, पोळी आणि फळं एकदम बंद केली की तंतू घटतात, पोट अडतं. त्यात आपण शाळेत दिवसभर पाणी कमी पितो. कारण सगळ्या बाईंना माहीत आहे! वरून गोळ्यांचा मारा. एखाद्या गोळीने मळमळ झाली की यादी सांगते, 'बुरशी मरतेय, चांगलं लक्षण आहे.' या वाक्यापासून सावध राहा. त्रास हा त्रासच असतो. गोळी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

गोळ्यांचं वेळापत्रक

शाळेचं वेळापत्रक आपण काटेकोर पाळतो, तसंच हेही पाळावं.

१. लोहाची गोळी चहा, कॉफी किंवा दुधासोबत घेऊ नये. एक-दोन तासांचं अंतर ठेवावं. लिंबू किंवा आवळ्यासोबत लोह चांगलं शोषलं जातं. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नये.

२. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. एक दुपारी, एक रात्री असं करावं.

३. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. त्यानंतर लोह किंवा कॅल्शियम किमान चार तासांनी.

४. झिंकने रिकाम्या पोटी मळमळते. मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात. ड जीवनसत्त्व जेवणासोबत घ्यावं.

५. एका वेळी एकच नवी गोळी सुरू करावी आणि वहीत नोंद ठेवावी. पाच एकदम घेतल्या तर त्रास कशाचा, हे कळणार कसं?

मी काय करत होते? सकाळी शाळेच्या घाईत लोहाची गोळी चहाच्या घोटासोबत! शाळेत मात्र आपण पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याची गुलाबी गोळी आणि त्यापुढच्यांना निळी गोळी जेवणानंतरच देतो. मुलांना लावलेला नियम स्वतःला लावायचं आपल्या लक्षात येत नाही.

मुलांच्या बाबतीत

वाढत्या वयाच्या मुलांना असं पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीही लावू नये. पहिली ते पाचवीच्या पोषण आहारात रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत. त्यातला भातच ताटाबाहेर ठेवला तर उरणार काय? आणि मुलं आपलं बोलणं ऐकतात, त्याहून जास्त आपलं ताट बघतात.

साखर, मैदा, बेकरीचे पदार्थ कमी करायला कुणाचीच हरकत नाही. ते जरूर करा. पण भाकरी, वरण, भाजी, ताक यांना शत्रू समजू नका. जिभेवर पांढरं दिसलं तर यादी शोधण्याआधी डॉक्टरांना जीभ दाखवा.

आमच्या घरी आता सकाळी पुन्हा ज्वारीची भाकरी होते. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलंय. मुलगी इडली खाते, पण अजूनही कधीकधी आधी माझ्याकडे बघते. ते बघणं जायला थोडा वेळ लागेल.