खरी परीक्षा दुसऱ्या गोळीची

सिनेमातला तो सीन आठवा. हिरोच्या छातीत रायफलची गोळी बसते, तो चार हात मागे उडून पडतो आणि मग शर्टाची बटणं काढत उठून उभा राहतो. आत बुलेटप्रूफ जॅकेट! थिएटरमध्ये शिट्ट्या.

आता बारावीचं फिजिक्स काढा. ९.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४७ मीटर वेगाने आली, तर तिचा संवेग ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडाच जास्त भरतो. चेंडू लागून कुणी हवेत उडतं का? ऊर्जा मात्र त्या चेंडूच्या जवळपास २९ पट आणि तीही करंगळीच्या टोकाहून लहान जागेवर! जॅकेटमधल्या प्लेटला झेलायची असते ती ही ऊर्जा.

अशा बऱ्याच प्लेट्समध्ये पुढे सिरॅमिक असतं आणि मागे पॉलिथिलीन किंवा अॅरामिडच्या धाग्यांचे थर. कडक सिरॅमिकवर आदळून गोळी चेपते, फुटते. तिचे तुकडे मागचे थर पकडतात. गोची अशी, की गोळी फोडताना सिरॅमिक स्वतःही तडकतं. आणि समोरचा माणूस एक गोळी झाडून थांबणार नसतो. दुसरी गोळी त्या तड्यांजवळ बसली तर?

म्हणून परीक्षा घ्यायची. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसचे २००८चे निकष बघा. प्लेट आधी मुद्दाम काँक्रीटवर आपटतात, कारण ड्युटीवर ती आपटणारच. मग ती शिल्पकार वापरतात तशा तेलकट मातीच्या ठोकळ्यावर बांधतात. माती नीट मऊ आहे ना, हे बघायला त्यावर दोन मीटरवरून साधारण किलोभराचा पोलादी गोळा टाकतात. खड्डा १९ मिलिमीटरच्या आसपास पडायला हवा. त्यानंतर १५ मीटरवरून गोळीबार. प्रत्येक गोळीचा वेग मोजला जातो.

गोळी अडली म्हणजे पास, असं नाही बरं का! मागच्या मातीत ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला, तरी प्लेट नापास. कारण मातीच्या जागी उद्या कुणाच्या तरी बरगड्या असतील.

गंमत पुढेच आहे. या निकषांत रायफलसाठी दोन लेव्हल होत्या. लेव्हल तीनच्या प्लेटला साध्या रायफलच्या सहा गोळ्या झेलाव्या लागत. लेव्हल चारला पोलादी गाभ्याची, चिलखत भेदणारी गोळी. पण फक्त एक! म्हणजे लेव्हल वरची, म्हणून प्लेट सगळ्याच बाबतीत सरस, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे यासाठी भारतीय मानक ब्युरोचं २०१८चं आयएस १७०५१ हे मानक आहे. डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने बनवलेल्या जॅकेटची चंदीगडच्या टीबीआरएलमध्ये याच मानकानुसार चाचणी झाली. एप्रिल २०२४मध्ये निकाल जाहीर झाला: पुढच्या प्लेटने स्नायपर रायफलच्या चिलखतभेदी सहा गोळ्या अडवल्या. एकटी वापरायची प्लेट चौरस मीटरला ४३ किलोपेक्षा हलकी. २५ बाय ३० सेंटीमीटरची प्लेट धरली, तर साधारण सव्वातीन किलोच्या आत.

हे वजन महत्त्वाचं का? जाड लोखंडी पत्रा लावून गोळी कुणीही अडवेल. पण ते ओझं अंगावर घेऊन जवानाला डोंगर चढायचाय, धावायचंय, जखमी साथीदाराला खांद्यावर टाकून आणायचंय. प्लेट जड झाली की हेच सगळं अवघड होतं. मटेरियल सायन्सवाल्यांची खरी कसरत इथे आहे: ग्रॅम कमी करायचे, पण सहाव्या गोळीलाही टिकायचं.

तेव्हा यापुढे कुणी ‘एकदम बुलेटप्रूफ आहे’ म्हणालं, की दोनच प्रश्न विचारा. कोणती गोळी? आणि कितवी?