कोब्यावर कोबा

मे महिना सरत आला की मुंबई-ठाण्यातल्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या कमिट्यांमध्ये दरवर्षी तोच संवाद घडतो. वरच्या मजल्यावरचा गाळेवाला गेल्या पावसाळ्यात भिजलेल्या खोक्यांचे फोटो दाखवतो. सेक्रेटरी मान डोलावतात आणि म्हणतात, "मिस्त्रीला बोलवू. वरून एक थर मारून टाकू." थर कशाचा, हे कोटेशनवर ठरतं. पैसे असले तर मेंब्रेन, बरे असले तर विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, नसले तर डांबर. पाणी नेमकं कुठून शिरतंय, हे त्या बैठकीत सहसा कोणी विचारत नाही. गच्ची गळते म्हणजे तिची जाडी कमी पडते, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

या समजुतीने इतकी मुळं धरली आहेत की काही जुन्या इमारतींत कोब्यावर कोबा चढत जाऊन कमरेएवढा पॅरापेट गुडघ्यापर्यंत आला आहे. गळती मात्र जिथल्या तिथे.

कारण उघड आहे. चांगल्या स्लॅबच्या मधोमध पाणी क्वचितच शिरतं. ते शिरतं कडेने, सांध्यांतून आणि माणसांनी पाडलेल्या भोकांतून. उन्हात काँक्रीट फुगतं आणि पावसात आक्रसतं. दर अंशाला मीटरमागे साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण ३० मीटर लांब गच्चीचं तापमान मे महिन्याच्या दुपारी चढून पहिल्या पावसात ३० अंशांनी उतरलं, तर हिशोब ९ मिलिमीटरवर जातो. गच्चीच्या कडेला उभा असलेला विटांचा पॅरापेट तेवढा हलत नाही. साहजिकच दोघांच्या सांध्यात केसाएवढी चीर पडते आणि भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी नेमकं त्याच चिरेत जातं. मधल्या दहा हजार चौरस फुटांवर कितीही भारी रसायन ओता, ही चीर भरायची राहिली तर खालच्या गाळ्यात बादली ठेवावीच लागते.

लांबलचक इमारतींचं तर विचारायलाच नको. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीत सर्वसाधारणपणे एक्सपान्शन जॉइंट ठेवतात, म्हणजे दोन भागांना हलायला मुद्दाम सोडलेली फट. डिझाइन करणाऱ्याने ती विचारपूर्वक ठेवलेली असते. 'वरून थर' मारणारा मिस्त्री त्याच फटीवर सलग कोबा घालतो आणि कमिटी म्हणते, वा, किती सपाट झालं! पुढच्या उन्हाळ्यात कोबा बरोबर त्या रेषेवर तडकतो.

भोकांची कथा वेगळी. वॉटरप्रूफिंग आटोपून चार महिने झालेले असतात. कोणीतरी एसीचं आउटडोअर युनिट बसवायला येतो, ड्रिल काढतो आणि कोब्यातून थेट स्लॅबमध्ये चार अँकर बोल्ट ठोकतो. बोल्टभोवती बोटभर सिमेंट फासलं की त्याचं काम झालं. युनिट दिवसभर थरथरतं, सिमेंट सुटतं आणि बोल्टच्या कडेने पाणी उतरायला लागतं. मग केबलवाला येतो, सोलरवाला येतो, होर्डिंगचे अँगल येतात. अशा गच्चीवर नवा थर मारायचा तर ही स्टँडं कोण हलवणार? त्यांच्या पायांभोवती थर मारला जातो आणि गळतीची जागा तेवढी शाबूत राहते.

एवढ्यावर भागलं असतं तर पैसे फुकट गेले म्हणून सोडून देता आलं असतं. पण दुसरा थर खरोखर नुकसान करतो. साधारण १२ सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या वर जातं. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या मानकाच्या दुसऱ्या भागात, जिथे माणसांची ये-जा आहे अशा सपाट छतावर धरायचा वापराचा भार आहे चौरस मीटरला सुमारे १५० किलो. म्हणजे 'आणखी एक कोबा' हे ओझं गच्चीवर वावरणाऱ्या माणसांसाठी राखलेल्या भारापेक्षाही जास्त, आणि तेही कायमचं. दहा हजार चौरस फुटांवर ते पावणेदोनशे टनांच्या पुढे जातं. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीवर ते चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारायला नको?

शिवाय जुन्या कोब्याने पिऊन ठेवलेलं पाणी नव्या थराखाली कोंडलं जातं. वर मेंब्रेन असेल तर उन्हात त्या पाण्याची वाफ होऊन फुगे येतात. कोबा असेल तर पाणी आठवडेच्या आठवडे खाली झिरपत राहतं. म्हणूनच दिवाळीनंतर, आकाश निरभ्र असताना, छत टपकतं आणि सगळे मिळून पाण्याच्या टाकीवर संशय घेतात.

कोबा वाईट असा याचा अर्थ नव्हे. नीट केलेला कोबा वर्षानुवर्षं टिकतो. नीट म्हणजे काय, ते सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, दरसूचीत सविस्तर लिहिलेलं आहे. सरासरी जाडी १२० मिमी, ढाळ पाणी जाण्याच्या तोंडाकडे, तिथे जाडी किमान ६५ मिमी. कडेच्या भिंतींवर ३०० मिमी उंचीपर्यंत तेच काम आणि कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलाई. शेवटी पूर्ण गच्चीवर किमान दोन आठवडे पाणी भरून ठेवायचं, क्युरिंगसाठी आणि परीक्षेसाठीही. हा दोन आठवड्यांचा मुद्दा कोटेशनमध्ये लिहून मागितला की कंत्राटदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता ढाळ आणि पाइप. सपाट छत सपाट असतं हाही एक समजच. शंभराला एक, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर ढाळ नसेल तर पाणी तुंबणारच. आणि ढाळाने आणलेलं पाणी जाणार कुठून? नॅशनल बिल्डिंग कोडच्या तक्त्यानुसार ताशी १०० मिमी पावसात १०० मिमी व्यासाचा एक पाइप सुमारे ४३ चौरस मीटर छताचं पाणी वाहून नेतो. दहा हजार चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस मीटर. भागाकार केला तर बावीस पाइप लागतात. आपापल्या गच्चीवर जाऊन मोजावेत, आणि त्यातले किती पिंपळाच्या रोपांनी, गुटख्याच्या पुड्यांनी आणि मागच्या मिस्त्रीने सांडलेल्या सिमेंटने बुजलेत तेही पाहावं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तो अपवाद खराच. पण पाइप बुजलेले असले तर अपवादाची वाट बघावी लागत नाही. जुलैतली एक साधी सर पुरते.

'जिथे टपकतं त्याच्या बरोबर वर भोक असतं' हे आणखी एक लाडकं मत. पाणी कोब्याखालून ढाळाच्या दिशेने सरकतं, स्लॅबमध्ये पुरलेल्या विजेच्या पाइपात शिरतं आणि पंख्याच्या हुकापाशी किंवा ट्यूबलाइटच्या पॉइंटला बाहेर पडतं. डाग गाळा क्रमांक अमुकमध्ये, चीर पाच मीटर पलीकडच्या पॅरापेटशी! म्हणून एकेक भागाभोवती बांध घालून, पाइपाचं तोंड बंद करून चार-पाच सेंटिमीटर पाणी भरायचं, दोन दिवस थांबायचं, मग पुढचा भाग. वेळ लागतो, पण कोब्यापेक्षा स्वस्त पडतं.

बाकीच्या समजुतींना एकेक वाक्य पुरे. आरसीसी स्वतः वॉटरप्रूफ नसतं. त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. पांढऱ्या रंगाने गच्ची थंड राहते, पण पडलेली चीर त्याने बुजत नाही. पत्र्याची शेड मधला भाग कोरडा ठेवते, पण तिरका पाऊस पॅरापेट भिजवतोच आणि शेडच्या खांबांसाठी पुन्हा बोल्ट ठोकले जातात. छतातलं प्रत्येक पाणी पावसाचंही नसतं. फाटलेल्या इन्सुलेशनच्या एसी डक्टवर घाम धरतो तोही तसाच टपकतो. आणि ताबा दिला की बिल्डर सुटला, हे तर साफ चूक. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष विनामूल्य दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि दुकानं, ऑफिसं, गोदामंही त्यात येतात.

'गळतीने फार तर रंग खराब होतो' असं मानणाऱ्यांनी कॅनडातल्या एलियट लेक गावाची हकिकत वाचावी. तिथला अल्गो सेंटर मॉल १९८० मध्ये उघडला. सपाट छतावर पार्किंग होतं आणि छत पहिल्यापासून गळत होतं. बादल्या ठेवल्या, ताडपत्र्या बांधल्या, मालक बदलले, डागडुजी चालू राहिली. २३ जून २०१२ रोजी छताचा एक भाग कोसळला आणि दोन बायकांचा जीव गेला. चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात कारण सांगितलं ते असं: वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेलं, गाड्यांबरोबर आलेलं मीठ, यांनी पोलादी सांधा गंजून गेला होता. मुंबईत रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण समुद्राचा वारा ते आणतोच. सळई गंजली की गंज लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. त्यावर पुट्टी फासून रंग मारणं हा सर्वांत महाग उपाय ठरतो.

भर पावसाळ्यात काही करता येत नाही, असं म्हणून कमिट्या हात झटकतात. दुरुस्ती करता येत नाही हे खरं. तपासणीला मात्र तोच हंगाम. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी गच्चीवर जावं, जिथे पाणी अजून तुंबलेलं असेल त्याच्या कडेने ऑइलपेंटची रेघ ओढावी, पाइपांची तोंडं मोकळी करावीत, पॅरापेटच्या सांध्याचे आणि प्रत्येक बोल्टचे फोटो काढून ठेवावेत. जानेवारीत कोटेशन मागवताना तो नकाशा जोडावा. काम मार्चपर्यंत उरकलं तर एप्रिलमध्ये पाणी भरून बघायला दोन आठवडे मिळतात.