‘बी’ कुणी पुसले?

दिवा दहा वेळा लुकलुकायला हवा, म्हणून प्रोग्राम ‘बी’ रजिस्टरमध्ये १० ठेवतो. प्रत्येक फेरीत तो थोडा वेळ काढणाऱ्या सबरूटीनला बोलावतो, परतल्यावर ‘बी’मधून एक वजा करतो आणि शून्य आले की थांबतो. घोळ असा की सबरूटीनही वेळ मोजायला ‘बी’च वापरते आणि ते शून्यावर आणून परतते. शून्यातून एक गेला की आठ बिटांच्या रजिस्टरमध्ये २५५ उरतात. शून्य नाही, म्हणजे पुन्हा फेरी. दिवा लुकलुकतच राहतो.

१९७६ सालच्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरवर हात बसवलेल्यांना ही चूक ओळखीची वाटेल. सूचना यंत्रभाषेत उतरवणारा असेम्ब्लर मात्र हूं की चूं करत नाही, कारण सुटी पाहिली तर प्रत्येक सूचना बिनचूक आहे. ‘ही सबरूटीन बी बिघडवते’ अशी टीप कुणी लिहिली असलीच तर ती माणसांसाठी; असेम्ब्लर टिपा वाचतच नाही.

चूक यंत्रालाही पकडता येते: भिवंडीतल्या साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग थांबवणारा काटा असतो. पण तो चालत्या मागावरचा पहारा. प्रोग्रामची तपासणी त्याआधीच, तो चालू होण्यापूर्वी, करता येते. त्यासाठी टिपेचा करार करायचा: सबरूटीन कोणती रजिस्टरे घेते, कशात उत्तर देते, कोणती बिघडवते. मग तपासनीस प्रोग्रामच्या सगळ्या वाटा धुंडाळतो आणि बोलावण्याच्या क्षणी कोणत्या रजिस्टरमधली किंमत पुढे लागणार आहे ते काढतो. ‘बी’ पुढे लागणार आणि करारात ते बिघडणार? प्रोग्राम तिथेच नामंजूर.

या हिशेबाला डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस म्हणतात. भिवंडीहून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह २००९ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. कंपायलर हा हिशेब रोज करतात. सीमध्ये लिहिणाऱ्याला तो फुकट मिळतो.

असेम्ब्लीच्या पातळीवरही हा हिशेब जमतो, हे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, छोटे प्रोग्राम चालवू देणाऱ्या ईबीपीएफने दाखवले आहे. त्याचा तपासनीस किंमत न भरलेले रजिस्टर वाचू देत नाही, आणि कर्नलचे फंक्शन बोलावल्यावर एक ते पाच क्रमांकांची रजिस्टरे बिघडली असेच धरतो. शंका आली तर तो नकार देतो, त्यामुळे कधीकधी निर्दोष प्रोग्रामही अडतो. मला हा कडकपणा परवडतो.

आपल्या दिव्याची दुरुस्ती मात्र लिहिणाऱ्यालाच करावी लागेल. सबरूटीनच्या सुरुवातीला ‘बी’ जपून ठेवणारे ‘पुश बी’ आणि शेवटी ते परत आणणारे ‘पॉप बी’ घालावे, तर दर फेरीला घड्याळाचे २२ ठोके जास्त. त्याऐवजी सबरूटीनने ‘डी’त मोजावे, तर ठोके वाढत नाहीत, फक्त ‘डी’ बिघडते, हे करारात लिहावे लागते.