कानाची गोष्ट : विमान उतरल्यावर बसलेले दडे

एका पत्राने मला मध्यकर्णाला घशाशी जोडणाऱ्या कंठकर्ण नलिकेपाशी आणून उभं केलं. नाशिकच्या एका वाचक भगिनी सर्दी असताना दुबईहून परतल्या. विमान उतरू लागलं तसा उजवा कान ठणकू लागला. ठणका थांबला, पण चार दिवस झाले तरी दडे सुटलेले नाहीत. घरचे कोमट तेल घालायला सांगतात. शिवाय त्यांचा प्रश्न असा, की एकाच कानाला का?

तोच अनुभव जाक शार्ल या फ्रेंच शास्त्रज्ञाला आला होता. १ डिसेंबर १७८३ रोजी तो हायड्रोजनच्या फुग्यातून पॅरिसहून उडाला. पहिल्या उतरणीनंतर त्याचा सोबती रोबेर खाली उतरला आणि हलका झालेला फुगा एकट्या शार्लला घेऊन सुमारे तीन हजार मीटरवर उसळला. तिथे त्याच्या उजव्या कानात आणि जबड्यात कळ आली. फक्त उजव्या, कारण प्रत्येक कानाची नलिका स्वतंत्र असते. एक मोकळी असताना दुसरी सुजलेली असू शकते. शार्ल पुन्हा कधी उडाला नाही.

त्याला चढताना दुखलं, कारण फुगा फार वेगाने चढला. विमानात बहुतेकांना त्रास होतो तो उतरताना. उंचावर केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत खाली येतो. चढताना मध्यकर्णातली जास्तीची हवा आपोआप घशात निसटते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि नलिकेचं घशाकडचं मऊ तोंड सायकलच्या व्हॉल्वसारखं मिटून बसतं. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू ते उघडतात. सर्दीने अस्तर सुजलेलं असेल, किंवा उतरताना आपण झोपलेले असू, तर ते उघडत नाही. दाबातला फरक फार वाढला की स्नायूंचंही काही चालत नाही.

मग पडदा आत ओढला जातो. पोकळीतल्या कमी दाबामुळे अस्तरातून पाणी झिरपतं, कधी रक्तही. नंतर दाब सारखा झाला तरी ते पाणी लगेच जात नाही. म्हणून दडे दिवसचे दिवस, कधी काही आठवडेही राहतात. बाहेरच्या नळीत घट्ट बसलेल्या मळानेही कान भरल्यासारखा वाटतो, तेव्हा तेही तपासून घ्यावं.

तेलाबद्दल माझं मत ठाम आहे : घालू नका. पाणी पडद्याच्या आत आहे, तेल बाहेर राहणार. आणि पडदा फाटलेला असला तर अपायच होईल. पुढच्या प्रवासात विमान उतरू लागताच जागं राहून घोट घोट पाणी प्या. नाक चिमटीत धरून गिळण्याची टॉयनबीची युक्तीही चांगली. वाल्साल्वाने १७०४ साली वर्णन केलेली, नाक-तोंड मिटून हवा आत ढकलण्याची रीत हलक्या हाताने करावी, आणि सर्दी असताना टाळावी. घशातला संसर्ग कानात जाऊ शकतो. तान्ह्या बाळांना उतरताना दूध पाजावं.

मात्र विमानप्रवासानंतर गरगरू लागलं, एकदम ऐकू येईनासं झालं, किंवा कानातून रक्त-पू आला, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.