जपानी भाषाशाळा आणि विद्यार्थ्याचा जामीनदार

दुसऱ्यासाठीं जामीन राहण्याचा प्रसंग आला म्हणजे मराठी घरांतील वडील माणसें पुनः पुनः विचार करतात. कर्जाच्या कागदावरील एक सही पुढें घरादारावर येऊं शकते, हें त्यांनीं पाहिलेलें असतें. परंतु घरांतील मुलगा किंवा मुलगी जपानी शिकण्यासाठीं तोकियोस निघाली आणि तेथील शाळेच्या अर्जांत जामीनदाराचें नांव, धंदा, उत्पन्न व सही मागितलेली दिसली, कीं तीच वडील माणसें ती एक परदेशी रीत समजून निमूटपणें सही करतात. अथवा जपानांत नोकरीस असलेल्या एखाद्या दूरच्या आप्तास गळ घालतात. पुण्यामुंबईकडे जपानी भाषेचे अनेक वर्ग चालतात आणि त्यांतून जपानच्या भाषाशाळेकडे दृष्टि लावणारे विद्यार्थीहि निघतात. सबब, ही सही नेमकी कशाबद्दल असते हें समजून घेणें अशा कुटुंबांच्या हिताचें आहे.

मराठींत ज्या एका शब्दानें काम भागतें, त्या ‘जामीनदार’ शब्दाखालीं जपानांत तीन निरनिराळीं माणसें येतात. तिघांचीं कामें वेगळीं आणि तिघांच्या जबाबदाऱ्याहि वेगळ्या.

पहिला तो ‘केइही शिबेन्शा’, म्हणजे खर्च चालविणारा. भाषाशाळेंत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वतीनें बहुधा शाळाच जपानच्या परदेशी-प्रवेश खात्याकडे निवासपात्रतेच्या दाखल्यासाठीं अर्ज करते. हा दाखला मिळाल्यावर विद्यार्थी आपल्या देशांतील जपानी वकिलातीकडे व्हिसा मागतो. दाखल्याची मुदत सामान्यतः तीन महिन्यांची असते. या अर्जांत विद्यार्थ्याची फी व राहण्याजेवणाचा खर्च कोण देणार, त्याचें उत्पन्न किती, बँकेंत शिल्लक किती आणि विद्यार्थ्याशीं त्याचें नातें काय, हें कागदोपत्रीं सिद्ध करावें लागतें. येथें पुष्कळ अर्ज अडतात. शिल्लक दाखविणारा बँकेचा दाखला एकटा पुरत नाहीं. ती रक्कम कशी सांठत गेली हेंहि पाहिलें जातें. अर्जाच्या आधीं आठ दिवस कोणाकडून तरी आणून खात्यांत टाकलेली मोठी रक्कम त्या खात्याच्या उताऱ्यांतच उघडी पडते. जपानांत शिकतांना काम करून खर्च भागवूं, हा हिशेबहि कच्चा आहे. स्वतंत्र परवानगी मिळाल्यावर विद्यार्थ्यास आठवड्यास 28 तासांपर्यंत काम करतां येतें. परंतु ती परवानगी जपानांत पोंचल्यावर मिळावयाची, आणि तिची मर्यादा मोडली तर पुढील मुदतवाढच धोक्यांत येते. खर्च चालविणारा आईबापांपैकीं असूं शकतो, व तो भारतांत राहणारा असला तरी चालतें.

दुसरा ‘मिमोतो होशोनिन’, म्हणजे माणसाच्या ओळखीचा व वर्तनाचा हमीदार. ही चाल जपानांत फार जुनी आहे. एदो राजवटींत, म्हणजे 1603 ते 1868 या काळांत, नोकर ठेवून घेतांना त्याच्यासाठीं ‘उकेनिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस लागत असे, व तो नोकराच्या ओळखीबद्दल व वागणुकीबद्दल लेखी कबुली देई. पुढें कारखाने व पेढ्या आल्या, तरी चाल टिकली. नोकराच्या हमीदारावर अमर्याद भार पडूं लागला म्हणून 1933 सालीं जपानांत खास कायदा करावा लागला. त्या कायद्यानें अशा हमीस मुदत घातली: कागदांत मुदत नसेल तर सामान्यतः तीन वर्षें, आणि असेल तरी पांच वर्षांहून अधिक नाहीं.

परदेशी विद्यार्थ्यांनाहि हीच चाल लागू झाली. एक लाख परदेशी विद्यार्थी आणण्याची योजना जपान सरकारनें 1983 सालीं आंखली आणि विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. परंतु ज्याचें त्या देशांत कोणी नाहीं, त्यानें हमीदार आणावा कोठून ? या अडचणींतून ओळख नसतांना पैसे घेऊन हमी देणारे लोक निघाले, आणि ओळखीची हमी नांवापुरती उरली. अखेर 1996 सालीं सरकारनें विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठीं व निवासासाठीं हमीपत्राची अट काढून टाकली. सरकारची अट गेली, तरी कित्येक शाळांनीं आपल्या अर्जांत ती ठेवली आहे. कोणी आईबापांची सही पुरेशी मानतात. कोणी जपानांत राहणारा माणूस मागतात. विद्यार्थी आजारी पडला, गैरहजर राहूं लागला अथवा नाहींसा झाला, तर कोणास कळवावें, ही शाळेची काळजी त्यामागें असते. परंतु त्या कागदांत थकलेल्या फीची जबाबदारीहि लिहिलेली असूं शकते. म्हणून नुसतें शीर्षक वाचून भागत नाहीं.

तिसरा ‘रेन्ताइ होशोनिन’, म्हणजे संयुक्त जामीनदार. खरा भार येथें आहे. खोली भाड्यानें घेतांना याची गांठ पडते, आणि शाळेच्या फीच्या करारांतहि हा शब्द येऊं शकतो. जपानी दिवाणी कायद्याप्रमाणें साधा जामीनदार ‘आधीं मूळ देणेकऱ्यास विचारा, त्याची मालमत्ता पहा,’ असें म्हणूं शकतो. संयुक्त जामीनदारास तो हक्क नाहीं. धनको सरळ त्याच्याच दारीं येऊं शकतो. आपल्याकडेहि 1872 च्या करार-कायद्याच्या 128 व्या कलमान्वयें, वेगळें ठरलेलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते; तेव्हां हें तत्त्व मराठी माणसास अपरिचित नाहीं.

जपाननें मात्र त्यास एक कुंपण घातलें आहे. 1 एप्रिल 2020 पासून, भाड्यासारख्या पुढें वाढत जाणाऱ्या देण्यासाठीं एखादी व्यक्ति जामीन राहिली, तर तिच्या जबाबदारीची कमाल रक्कम लेखी ठरवावी लागते; ती नसेल तर जामिनकीच रद्द ठरते. अलीकडे खोलीसाठीं माणसाऐवजीं जामीन-कंपनी घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. ठराविक शुल्क घेऊन ती कंपनी घरमालकास थकलेलें भाडें देते. परंतु हा विमा नव्हे. दिलेली रक्कम कंपनी पुढें भाडेकऱ्याकडून वसूल करते.

यावरून सही करणारानें काय पहावें हें उघड होतें. आपण तिघांपैकीं कोण आहों ? हमी वर्तनाची आहे कीं पैशांची ? पैशांची असेल तर रक्कम किती व मुदत किती ? जपानी कागद असेल तर त्याचें भाषांतर मागून घ्यावें; तें मागण्यांत कोणताहि अनादर नाहीं. एप्रिल 2022 पासून जपानांत अठराव्या वर्षीं माणूस सज्ञान ठरतो. म्हणून तेथें आपल्या सहीनें केलेल्या करारास विद्यार्थी स्वतः बांधला जातो, हें त्यालाहि आधीं सांगितलेलें बरें. आणि ‘जामीनदार आम्हीच मिळवून देतों, नुसते पैसे भरा,’ असें म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर रहावें. कारण अर्जांत खोटा कागद निघाला तर शिक्षा मध्यस्थास होवो न होवो, विद्यार्थ्याचा प्रवेश बुडतो, आणि पुढच्या अर्जावरहि संशयाची छाया राहते.

जपानांतील आप्ताकडे सही मागतांना याहून अधिक जपलें पाहिजे. परमुलखांत कष्टानें बसविलेल्या आपल्या नांवाचा आधार तो दुसऱ्याच्या मुलास देत असतो. त्यास कागद पुरता दाखवावा, फीची व्यवस्था सांगावी, आणि विद्यार्थ्यानेंहि महिन्यांतून एकदां तरी त्याच्याकडे जाऊन आपली हजेरी व अभ्यास कळवावा. हमीदारास विद्यार्थ्याची खबर असली, तरच त्याच्या हमीला कांहीं अर्थ राहतो.