घरी बिअर बनवायचा व्हिडिओ पाहिलात? नांदेड-लातूरकरांनो, आधी हे वाचा

बादली, यीस्ट आणि 'दहा दिवसांत बिअर तयार' असे व्हिडिओ फोनवर सारखे समोर येतात. मी मूळचा लातूरचा, आता नांदेडला राहतो. ओळखीची पोरं विचारतात, "दादा, हे खरंच होतं का?" होतं. पण ते व्हिडिओ बहुतेक बाहेरच्या देशातले असतात. तिथला कायदा वेगळा आणि हवाही वेगळी.

आधी कायदा बघू

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर बनवायची वाट मोकळी झाली. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे आणि त्यात बिअर, वाईनसुद्धा येते. 'विकत नाही, स्वतःपुरतीच केली' असं सांगून सुटका होत नाही. किट ऑनलाइन मिळतं, म्हणून बिअर बनवणं कायदेशीर ठरत नाही.

बिअर बनते कशी?

१. बार्लीला मोड आणून वाळवतात. हे झालं माल्ट.
२. माल्ट भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. दाण्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात.
३. हॉप्स नावाची फुलं टाकून उकळतात. कडवटपणा इथून येतो.
४. गार करून यीस्ट टाकतात. यीस्ट साखर खातं. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

सायडर त्याहून सोपं. सफरचंदाच्या रसात साखर असतेच, त्यामुळे थेट यीस्ट टाकतात. त्याच अल्कोहोलचं बॅक्टेरियांनी ॲसिड केलं की ॲपल सायडर व्हिनेगर!

अल्कोहोल किती झालं, हे हायड्रोमीटरने कळतं. दूध डेअरीत लॅक्टोमीटर बुडवतात ना, तसंच. सुरुवातीला रीडिंग १.०५० आणि शेवटी १.०१० असेल, तर फरक ०.०४०. त्याला १३१ ने गुणा: साधारण सव्वापाच टक्के.

आपल्या उन्हाचं काय?

एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करतं. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो. एवढ्या गरमीत यीस्ट घाई करतं आणि उग्र वासाची द्रव्यं तयार होतात. त्यात साखर शिल्लक असताना बाटली घट्ट बंद केली, तर आत गॅस साठत जातो आणि काच फुटते. डोळ्याला इजा व्हायला एक तुकडा पुरतो.

मग शिकायचं कसं?

आपल्याकडे येळवसला आंबील करतात, तीच करा. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवा, पूर्ण गार झालं की ताक घाला आणि रात्रभर झाकून ठेवा. इथे मुख्य काम लॅक्टिक बॅक्टेरिया करतात, म्हणून आंबटपणा येतो. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीच्याच माल्टपासून, मका मिसळून, उमकोम्बोथी नावाची पारंपरिक बिअर करतात. धान्य तेच, पण काम यीस्टचं.

आता प्रयोग: एक बरणी गार जागी, दुसरी उबदार जागी ठेवा. झाकण सैल असू द्या. फोनवर दर दोन तासांचा अलार्म लावा. प्रत्येक वेळी फोटो, तापमान आणि वास नोट्समध्ये टाका. पीएच पट्टी मिळाली तर उत्तमच. बुरशी दिसली किंवा घाण वास आला, तर चव न घेता फेकून द्या. स्वच्छता, तापमान आणि नोंदी, ब्रूअरचं अर्धं काम हेच.

यातच पुढे जायचं असेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा फूड टेक्नॉलॉजी शिका. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी, डूलाली, पुण्यात २००९ मध्ये परवाना घेऊनच सुरू झाली. पुढचा व्हिडिओ बघताना तो कुठल्या देशातला आहे, हे आधी तपासा.